बंद पंख्याखाली

त्या दिवशी सकाळी ताई गेली. ती स्वयंपाकघरात होती. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसले होते. भांडं पडल्याचा आवाज आला. मी आत गेले तेव्हा ती ओट्यापाशी पडली होती. शेजाऱ्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि ताई गेल्याचं सांगितलं. दाखला लिहून दिला. आम्ही तिला बाहेरच्या खोलीत आणून निजवलं. मी पंखा बंद केला.

वैशाख चालू होता. डोंबिवलीत त्या दिवसांत सकाळपासूनच भिंती तापतात. पंखा थांबला तसं डॉक्टरांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बॅग उचलून ते निघून गेले. बाईंचं भान सुटलंय, असं त्यांना वाटलं असेल. भान सुटलं नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते तेव्हा मला एकच गोष्ट जमते: कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं जसंच्या तसं करणं.

ताईने सांगून ठेवलं होतं. घरात माणूस गेलं की आधी पंखा बंद करायचा, कारण वाऱ्याने बुबुळ कोरडं पडतं. डोक्याखाली उशी द्यायची. पापण्या मिटून त्यांच्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या. मग नेत्रपेढीला फोन करायचा. तिथली माणसं सहा तासांच्या आत आली तर डोळे कुणाच्या तरी उपयोगी पडतात, नाहीतर माणसाबरोबर जळून जातात. हेच सांगत ताई गेली कित्येक वर्षं डोंबिवली-कल्याणमधल्या घरांतून फिरत होती. मरणाची बातमी कळली की अनोळखी दारात जाऊन उभी राहायची आणि डोळे मागायची. आता तिचे द्यायचे होते, आणि घरात म्हातारी आई आणि मी, दोघीच होतो.

फोन मी केला. नेत्रपेढी ठाण्याला आहे. पलीकडचे गृहस्थ ताईला ओळखत होते. त्यांनी नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "निघतोच. पण आज रस्त्याला फार कोंडी आहे. उशीर होईल. घरच्यांची संमती आहे ना?"

मी "हो" म्हटलं. आईला मी अजून विचारलं नव्हतं.

उशी दिली. देवाच्या वातींचा कापूस होता, तो पाण्यात भिजवला. पण ताईची डावी पापणी पुरती मिटली नव्हती. तिथून पांढरी कड दिसत होती. ती मिटायची म्हणजे हात लावायला हवा होता. मी दोन बोटं पुढे नेली आणि मागे घेतली. मला मेलेल्या माणसाची भीती वाटते. लहानपणापासून वाटते, आणि पन्नाशी उलटल्यावरही ती कमी झालेली नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. तिथे ज्या गोष्टींना हात लावावा लागे त्या सगळ्या कागदाच्या होत्या. शेवटी मी डोळे मिटून घेतले आणि चाचपडत तिची पापणी खाली ओढली. ती अजून कोमट होती. गार लागेल अशी तयारी मनाने केली होती. ऊब लागली म्हणून मी जास्त घाबरले.

ताईलाही मयताची भीती वाटायची. हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी गेली की ती देहाकडे पाठ करून बसायची. लोक समजायचे, ही आमच्याकडे तोंड करून बसली आहे, म्हणजे हिला आमच्या दुःखाची जाण आहे. खरं म्हणजे तिला बघवत नसे. घरी आल्यावर डोक्यावरून आंघोळ करायची, साडी बादलीत बुडवायची आणि रात्री ट्यूब चालू ठेवून झोपायची. मी उजेडाची तक्रार केली की म्हणायची, "तुला काय होतंय? तू पुस्तक वाच."

ती तोंडाने फटकळ होती. चिडली की समोरचं माणूस कोण आहे हे बघायची नाही. बाबा कल्याणच्या एका दवाखान्यात वारले तेव्हा एक बाई हलक्या पावलांनी आमच्याजवळ आल्या आणि हात जोडून त्यांनी नेत्रदानाचं विचारलं. आई घाबरली. "नको गं बाई, पुढच्या जन्मी आंधळे जन्माला येतील," म्हणाली. ताई त्या बाईंच्या अंगावरच धावून गेली. "आमचा बाप गेलाय, आणि तुम्ही भंगार गोळा करायला आलात?" सगळा व्हरांडा ऐकत होता. बाईंनी पुन्हा हात जोडले आणि त्या गेल्या.

त्यांनी उलट एक शब्द ऐकवला असता तर ताई तो प्रसंग विसरली असती. तसं झालं नाही म्हणून तो तिला लागून राहिला. वर्ष उलटल्यावर तिने त्या बाईंचं घर शोधून काढलं आणि माफी मागितली. बाई म्हणाल्या, "माफीचं राहू द्या. आवाज चांगला आहे तुमचा. तो कामाला लावा." असा तो आवाज कामाला लागला.

आमच्या भागात संक्रांतीला घरोघरी हळदीकुंकू होतं. ताई अविवाहित. तिला कुणी आवर्जून बोलवत नसे. ती न बोलावता जायची. हातात तिळगुळाचा डबा असायचा. वाण घेऊन बायका उठायला लागल्या की ती दारात उभी राहायची. "दोन मिनिटं थांबा. घरी कुणी वारलं तर आधी काय करायचं, सांगते." सणासुदीला, नव्या साड्या नेसून बसलेल्या बायकांना! एकदा एका सासूबाईंनी विचारलं, "अहो, आजच्या दिवशी हे काय बोलणं?" ताई म्हणाली, "मग कधी बोलू? तुम्ही गेल्यावर तुम्हाला ऐकू येणार आहे का?" त्या घरात तिला पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही. पण त्या सासूबाई गेल्या तेव्हा पहिला फोन त्यांच्या सुनेने ताईलाच केला. अशा फोनांमुळे आमच्या भागात कितीतरी जणांना पुन्हा दिसायला लागलं असेल. ताईने आकडा कधी ठेवला नाही. विचारलं तर चिडायची.

तिच्यात याहून मोठा एक दोष होता. ती खोटं बोलायची.

डोळे कुणाला बसवले हे देणाऱ्या घराला कधीच सांगत नाहीत. तसा नियम आहे. पण लोक विचारतात. दहाव्याला, तेराव्याला ताई भेटायला गेली की आई, बायको, मुलगा, कुणीतरी हमखास विचारायचं. आणि ताईकडे उत्तर नाही असं कधी व्हायचं नाही. एका घरी ती म्हणाली, एका बस ड्रायव्हरला. दुसऱ्या घरी म्हणाली, बाळंतिणीला. ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलायचे आणि ताईला तेच हवं असायचं. मी विचारलं तर म्हणायची, "कुणाला तरी मिळालेच असतील ना? मग ड्रायव्हरला का नसतील?"

कल्याणला पारनाक्याच्या बाजूला एक मावशी राहायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता. त्यांना ताईने सांगितलं, ठाण्याच्या एका शाळकरी मुलीला मिळाले, आता ती फळ्यावरचं वाचते.

पुढे काही महिन्यांनी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. मावशी रोज ठाण्याला जायला लागल्या होत्या. एकेका शाळेच्या फाटकापाशी उभ्या राहायच्या, सुटलेल्या मुलींच्या डोळ्यांत वाकून बघायच्या. एका शाळेच्या रखवालदाराने पोलिसांना बोलावलं होतं. पुतण्या विचारत होता, "त्या मुलीचा पत्ता मिळेल का? एकदा भेटवलं की काकी शांत होईल."

त्या दिवशी ताईबरोबर मीही कल्याणला गेले. मावशी पाट मांडून गहू निवडत बसल्या होत्या. ताई समोर बसली आणि म्हणाली, "मावशी, मी खोटं बोलले. अशी कुणी मुलगी मला माहीत नाही. डोळे कुणाला मिळाले ते मला कुणी सांगत नाही."

मावशींचा हात थांबला नाही. "असं कसं? मी बघितलंय तिला."

"कुणाला?"

"दोन वेण्या. निळी रिबीन. माझ्याकडे बघून हसली. तो हसायचा ना, एका बाजूने, तशीच."

"मावशी, नाही हो ती. मी मनाने सांगितलेलं."

"तुला काय ठाऊक गं? तू आपलं तुझं काम कर. माझं मी बघते." आणि त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

ताईला बोलता येत नव्हतं, असं मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं. पुतण्या दारात उभा होता. त्याच्याकडेही मला बघवेना. परत येताना ताईने पत्रीपुलाच्या अलीकडे रिक्षा थांबवली आणि ती कडेला जाऊन ओकली. पुढे पुतण्याने मावशींना गावी पोचवलं. तिथेही गावातल्या शाळेसमोर बसतात, असं त्याने नंतर कळवलं.

बरेच दिवस ताईने एकही फोन उचलला नाही. मला वाटलं, संपलं हे. मला बरंही वाटलं. मग एका दुपारी फोन वाजला तसा तिने उचलला, साडी बदलली आणि मला म्हणाली, "ऊठ. यापुढे तू माझ्याबरोबर यायचंस."

"मी? मी काय करू तिथे?"

"माझ्या शेजारी बस. माझी जीभ सुटायला लागली की चिमटा काढ."

"ताई, मला भीती वाटते गं."

"मला काय गंमत वाटते?"

तेव्हापासून मी जात राहिले. देहाकडे पाठ करून आम्ही दोघी शेजारी बसायचो. लोक "कुणाला मिळाले" असं विचारायचे आणि मी पदराआड तिच्या दंडाचं मांस धरून ठेवायची. ती "आम्हाला सांगत नाहीत" म्हणेपर्यंत सोडायची नाही. तिच्या दंडावर हिरवे डाग असायचे. पंखा, उशी, कापूस हे सगळं मी तिथेच शिकले.

तर त्या दिवशी पंखा बंद करून मी बसले होते. इमारतीतली माणसं यायला लागली. आमची खोली लहान. दारात चपलांचा ढीग झाला. बायका पदराने वारा घेत होत्या. मग कोपरीहून मामा आले. आमच्या घरात पुरुषांत आता तेच मोठे. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर ते ताईपाशी बसले, रडले, डोळे पुसले आणि त्यांनी तिच्या डोक्याखालची उशी काढून घेतली.

"गेलेल्या माणसाला उशी देतात का कुणी? आणि हा कापूस कसला?" वर बघून म्हणाले, "अरे, पंखा लावा की. माणसं उकडून मरतील इथे."

कुणीतरी उठून पंखा लावला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. ताईच्या डोळ्यांवरचा कापूस हलताना दिसला.

मी उठले आणि पंखा बंद केला. उशी परत दिली. "मामा, नेत्रपेढीची माणसं निघालीत. ताईची इच्छा होती."

"इच्छा! जिवंतपणी तिने काय कमी छळलं लोकांना? आता तिचीच चिरफाड करणार तुम्ही?" मामा वाईट माणूस नाहीत. त्यांचा आवाज भीतीने चढला होता. "अग्नीला देह पुरा द्यावा लागतो. तुला काय कळतंय? पुस्तकं वाचून का कुणाचं मयत होतं?"

त्यांनी हात लांब करून बटण दाबलं. मी बंद केलं. त्यांनी पुन्हा हात उचलला तेव्हा मी भिंतीला टेकून बटणांच्या बोर्डासमोर उभी राहिले. पाठीला ती बटणं रुतत होती. मामा भाचीच्या अंगाला हात लावणार नाहीत, एवढाच माझा आधार होता. पन्नास-साठ डोळे माझ्याकडे बघत होते आणि ज्या दोन डोळ्यांसाठी हे चाललं होतं ते कापसाखाली होते. मला वाटत होतं, आत्ता मी खाली पडेन, कुणीतरी मला उचलून बाजूला करेल आणि पंखा लावेल.

मामा आईकडे वळले. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसली होती. सकाळपासून ती रडलीही नव्हती. "अक्का, तू सांग. मुलगी तुझी आहे. तू नाही म्हण, मी त्यांना जिन्यावरूनच परत पाठवतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा धुरकट आहे. ती मान वळवून, चांगला डोळा पुढे करून बघते.

"कुणाला देणार तिचे डोळे?"

"माहीत नाही आई. सांगत नाहीत."

"कुणाला ते सांग. मग मी हो म्हणते."

त्या क्षणाची मला अजून भीती वाटते. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. एक लहान मुलगा, नाहीतर एखादी तरणी बाई. ताईबरोबर बसून बसून मला ते सगळं पाठ होतं. एवढं एक वाक्य बोलले असते की आई हो म्हणाली असती, मामा गप्प बसले असते आणि डोळे वाचले असते. नाही बोलले तर दोन्ही डोळे संध्याकाळी स्मशानात जळणार होते. आणि मला पारनाक्याच्या मावशी दिसत होत्या. उद्या आपली आई मान वळवून, चांगला डोळा पुढे करून, फडके रोडवरच्या प्रत्येक मुलाच्या चेहऱ्यात वाकून बघेल, असं मला दिसलं.

"खरंच सांगत नाहीत," मी म्हटलं. "मिळतील की नाही, हेसुद्धा आत्ता कळत नाही. ते नेतात, तपासतात. मग ठरतं."

"झालं," मामा म्हणाले. "म्हणजे नेऊन फेकूनही देतील."

खाली रस्त्यावर एक रिक्षा थांबली आणि सगळे दाराकडे बघायला लागले. ती दुसऱ्याच कुणाची होती. नेत्रपेढीची माणसं अजून आली नव्हती. सकाळ सरून ऊन गॅलरीतून आत आलं होतं. वेळ हातातून जात होता आणि मला बोर्डासमोरून हलता येत नव्हतं.

मग आई म्हणाली, "मला एकदा बघू दे."

"काय?"

"तिचे डोळे. उघडून दाखव."

मी हलले असते तर पंखा लागला असता. मी इकडेतिकडे बघितलं. वरच्या मजल्यावरच्या काकू भिंतीशी बसल्या होत्या. त्यांच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायचं. त्यावरून ताईने त्यांना एकदा असं काही सुनावलं होतं की दोघी जिन्यात समोरासमोर आल्या तरी बोलत नसत. काकू उठल्या, मला बाजूला सारून बोर्डासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"जा तू. बघते मी कोण हात लावतं ते." आणि मामांकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जरा गॅलरीत उभे राहा. वारा आहे तिथे."

मी आईला धरून ताईपाशी आणलं. आईला खाली बसता येत नाही. तिला ओणवं केलं, एका हाताने तिची कंबर धरली. दुसऱ्या हाताने मला तो कापूस उचलायचा होता. या वेळी मला डोळे मिटून घेता येणार नव्हते. चुकून बुबुळाला बोट लागलं असतं.

आता पापणी गार होती. मी ती हळूच वर केली.

ताई आमच्याकडे बघत नव्हती. मला एवढंच सांगता येईल. आई आणखी वाकली. इतकी वाकली की तिचा श्वास मला माझ्या मनगटावर लागला. तिने आधी एक डोळा पाहिला, मग मला दुसरा उघडायला लावला. मला वाटलं, आता ही किंचाळेल, नाहीतर कोसळेल, आणि तिच्याबरोबर मीही कोसळेन.

"यांचेच आहेत," आई म्हणाली. "हा बघ, कडेला पिंगट आहे. ह्यांच्या डोळ्यांत असाच होता."

ती बाबांबद्दल बोलत होती.

"त्यांचे जाळले आपण," ती म्हणाली. मग सरळ झाली आणि गॅलरीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "भाऊ, माणसं आली की वर घेऊन ये त्यांना. जिना अंधारा आहे."

मामा गेले. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होते, पण गेले. ते बराच वेळ खाली उन्हात उभे होते, असं नंतर काकूंनी सांगितलं.

नेत्रपेढीचे दोघे आले तेव्हा त्यांचे शर्ट घामाने भिजलेले होते. मी घड्याळाकडे बघितलं नाही. त्यांच्यातल्या मोठ्याने बघितलं आणि तो म्हणाला, "आहे वेळ." त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मला विचारलं, "तुम्ही थांबता?" मी मान हलवली आणि बाहेर गेले. तेवढं माझ्याच्याने झालं नाही. बंद दाराबाहेर जिन्यावर मी बसून राहिले. आतून धातूचा बारीक आवाज आला की मी कान झाकून घ्यायची आणि पुन्हा हात काढायची.

दार उघडलं तेव्हा ताई झोपल्यासारखी दिसत होती. पापण्या मिटलेल्या, कुठे काही नाही. मामांनी जवळ जाऊन पाहिलं. मग त्यांनी स्वतःच उशी काढून बाजूला ठेवली, दिव्यात तेल घातलं आणि पंखा लावला. त्यांना कुणी अडवलं नाही.

जाताना, सकाळी फोनवर बोलले होते ते गृहस्थ मला म्हणाले, "तुमची ताई मला फोनवर रोज ओरडायची. उशीर करता म्हणून. आज पंखा तुम्हीच बंद ठेवलात ना? कळतं ते. बुबुळ चांगलं राहिलंय."

आईने विचारलं, "कुणाला देणार?"

"आजी, ते आम्हालाही सांगत नाहीत. आधी तपासणी व्हायची आहे."

"हो, सांगितलं हिने," आई म्हणाली.

नंतरच्या दिवसांत पुष्कळ लोक भेटायला आले. ज्यांच्या घरून ताईने डोळे मागून आणले होते तेही आले. त्यांत एक गृहस्थ होते. त्यांची आई वारली तेव्हा मी आजारी होते, ताई एकटीच गेली होती. चहाचा कप हातात धरून ते म्हणाले, "ताईंनी सांगितलेलं, आमच्या आईचे डोळे एका शिंप्याला मिळाले. इथलाच आहे कुठलातरी, डोंबिवलीचा. मी दुकान दिसलं की जरा हळू चालतो. मशीनवर कुणी वाकलेलं असलं की बरं वाटतं."

म्हणजे मी नसले की तिची जीभ सुटत होती. मला त्यांना खरं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि गव्हातून खडा काढणारा मावशींचा हात मला दिसला. खरं सांगूनही ते खोटं परत घेता आलं नव्हतं. मी त्यांना विचारलं, साखर बरोबर आहे ना. ते हो म्हणाले. अशी आणखी किती माणसं या गावातून हळू चालत असतील, याचा मला अंदाज नाही. आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवून डोळे दिलेली, त्यांच्यामुळे दिसू लागलेली माणसंही याच गावात आहेत, हेही मला त्याच वेळी आठवतं. मला यांतलं एक दुसऱ्यातून वजा करता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

ताईला लोक मोठी म्हणतात. शोकसभेत एक जण म्हणाले, तिच्या स्वभावाकडे दुर्लक्ष केलं तर ती देवमाणूस होती. मी मागच्या रांगेत बसले होते. मला उठून बोलायची हिंमत झाली नाही. नाहीतर म्हटलं असतं की स्वभावाकडे दुर्लक्ष करू नका. शांत, खरं बोलणारी, भिऊन घरी बसणारी बहीण या घरात होतीच, आणि तिने कधी आपणहून कुणाच्या दारात जाऊन डोळे मागितले नाहीत.

ताईच्या नंबरवर अजून फोन येतात. कुणी गेलं की लोक तिलाच लावतात. मी पंखा बंद करायला सांगते, उशी द्यायला सांगते आणि नेत्रपेढीचा नंबर देते. घरी मात्र मी जात नाही. एकदा निघाले होते, जिन्यावरून परत आले.

जेवताना आई कधी कधी विचारते, "मिळाले असतील का गं कुणाला?" मी म्हणते, "माहीत नाही." ती मान हलवते आणि जेवते.

आता घरात आई आहे आणि मी आहे. ताईचे डोळे कुणाला मिळाले की नाही, ते आम्हाला माहीत नाही.